लँबोर्गिनीचं वशिंड

पडदा वर जातो तेव्हा समोर एक भिंत आहे.

भिंत दिवेआगरातली. वादळानं वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या, त्याबरोबर दगडी गडगाही गेला. त्या जागी ही नवी, सिमेंटची, नऊ फूट उंच. भिंतीपुढे सुरूच्या वाशांची परांची बांधलेली आहे, परांचीवर चार फळ्या आणि फळ्यांवर उकिडवा बसलेला एक किडकिडीत म्हातारा. कानावर ब्रश, पायाशी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा. उजवीकडून घरमालक प्रणय येतो. तो हातातल्या मोबाइलकडे बघतो, भिंतीकडे बघतो आणि पुन्हा मोबाइलकडे बघतो.

"पेंटरकाका, हे काय आहे?"

"बैल."

"बैल दिसतोय हो. त्याच्या पाठीवर काय आहे?"

"वशिंड," म्हातारा म्हणाला आणि पुढे रंगवायला लागला.

त्या वेळी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चहा पीत बसलेला माजी नट म्हणजे मी. नट म्हातारा झाला की त्याला प्रेक्षक व्हावं लागतं. पण पहिल्या रांगेतली जागा मी अजून सोडत नाही. शिवाय या प्रवेशाला मी थोडा जबाबदारही होतो. म्हाताऱ्याला इथं आणलं होतं मी.

म्हाताऱ्याचं नाव रत्नपाल. बोर्ली पंचतनचा पेंटर. आमच्या नाट्यमंडळाचे सगळे पडदे त्याच्या हातचे. राजवाडा, जंगल, तुरुंग, रस्ता, नदीकाठ. त्याची एक खोड होती. पडदा सांगितला की तो ब्रश उचलायच्या आधी विचारायचा, "कुठला?"

"अरे, जंगल काढ."

"कुठलं जंगल? सागाचं, का करवंदांचं? वाघ आहे त्यात, का नुसती माकडं?"

"राजवाडा काढ."

"कुठल्या राजाचा? लढाई जिंकलेल्या, का हरलेल्या?"

आमचे दिग्दर्शक कपाळावर हात मारायचे. पण पडदा वर गेला की कळायचं. हरलेल्या राजाच्या राजवाड्यात एका खिडकीची काच फुटलेली असायची. मागच्या रांगेतल्या माणसाला ती दिसत नसे, पण मला दिसायची आणि माझा आवाज आपोआप जड व्हायचा. लोक म्हणत, काय अभिनय केलात! अर्धा अभिनय त्या काचेचा होता, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नाही.

मंडळ बंद पडलं. मग रत्नपालनं दुकानांच्या पाट्या काढल्या, शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहिले, ट्रकच्या मागे मोर काढले. मग फ्लेक्स आला. रात्रीतून छापून, सकाळी टांगून मोकळे. वादळात तर त्याच्या दुकानाची स्वतःची पाटीच उडून गेली. त्यावर तो एवढंच म्हणाला, "वाऱ्याला तरी माझी पाटी आवडली." त्यानंतर चार वर्षं त्याला एकही भिंत मिळाली नव्हती.

म्हणून प्रणय जेव्हा मला म्हणाला, "नाना, भिंतीवर बैल काढायचाय, कुणी आहे का?" तेव्हा मी उडी मारून शब्द दिला.

प्रणयचं घराणं उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. आजोबा मीठ ओढायचे, बाप दयाराम शेती करायचा, प्रणयचे आता बंदरावर ट्रेलर चालतात. त्यानं दिवेआगरात वाडी घेऊन पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. बायको अमिषा बुकिंग बघते. आई कृष्णाबाई कोंबड्या बघते आणि सगळ्यांवर लक्ष ठेवते. तर त्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, मुंबईच्या एका गाडीशौकीन मंडळाच्या तेरा गाड्या प्रणयकडे जेवायला यायच्या होत्या. बारा लँबोर्गिनी आणि दुसऱ्या कंपनीची एक पाहुणी गाडी. काळ्या पाटीवर सोनेरी बैल ही लँबोर्गिनीची खूण. तीच मोठी करून भिंतीवर काढायची, म्हणजे पाहुणे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतील, असा बेत.

गुरुवारी रत्नपाल आला. भिंतीवरून हात फिरवला, आणि अपेक्षेप्रमाणे विचारलं, "बैल कुठला?"

"कुठला म्हणजे? लँबोर्गिनीचा."

"ते गाव कुठं आलं?"

प्रणय ट्रेलरवाल्याच्या फोनवर होता, म्हणून अमिषानं मोबाइलवर कंपनीचा इतिहास काढला आणि ओटीवर बसून वाचायला लागली. मी नाटकाची पुष्कळ वाचनं ऐकली आहेत, पण असं वाचन पुन्हा होणे नाही.

"इटलीत १९१६ साली एका शेतकऱ्याच्या घरी फेरुच्चियो लँबोर्गिनीचा जन्म झाला."

"जमीन किती?"

"ते दिलेलं नाही, काका."

"मग काय इतिहास दिलाय! बरं, पुढं."

"द्राक्षं पिकवायचे. याला मात्र यंत्रांचं वेड. महायुद्ध संपल्यावर, सैन्यानं टाकून दिलेल्या सामानातून त्यानं ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली."

रत्नपालनं चहाचा कप खाली ठेवला. "काय बनवलं?"

"ट्रॅक्टर."

"नाना, ऐकलंत? ट्रॅक्टर!"

"ट्रॅक्टर खूप चालले. पैसा आला. मग त्यानं महागड्या गाड्या घेतल्या. त्यात एक फेरारी, म्हणजे घोडा छाप. तिच्या क्लचवरून तो त्या कंपनीच्या मालकाकडे गाऱ्हाणं घेऊन गेला. तर तो म्हणाला म्हणे, तू आपला ट्रॅक्टर चालव, गाडीतलं तुला काय कळतं."

"असं म्हणाला?"

"असं सांगतात. खरंखोटं त्या दोघांना ठाऊक, आणि आता दोघंही नाहीत."

"म्हणालाच असणार," रत्नपाल म्हणाला. "ट्रॅक्टरवाल्याला सगळे असंच बोलतात. मग?"

"मग यानं १९६३ साली स्वतःचीच गाड्यांची कंपनी काढली. त्याची रास वृषभ, म्हणून खूण बैलाची. गाड्यांनाही पुढे लढाऊ बैलांची नावं. त्यातला एक बैल तर, अशी आख्यायिका आहे, तलवारीचे चोवीस वार झेलून उभा राहिला, म्हणून त्याला जीवदान दिलं."

"चोवीस?" रत्नपालनं माझ्याकडे बोट केलं. "आमच्या नानांना एक वार लागला तरी मरायला पंधरा मिनिटं लागायची. लोक बिड्या ओढून परत यायचे, तरी हे जिवंत."

अमिषा इतकी हसली की मोबाइल बंद पडला. तो पुन्हा लावून तिनं पुढची कर्मकथा वाचली. सत्तरच्या दशकात फेरुच्चियोनं कंपनी विकली. मग तिचं दिवाळं निघालं. मग स्वित्झर्लंडचे भाऊ आले, मग अमेरिकन, मग इंडोनेशियाचे, आणि शेवटी ती जर्मनांच्या घरी नांदली.

"बैलबाजारात असंच व्हतं," रत्नपाल म्हणाला. "चांगल्या बैलाला पाच मालक. पण नाव कुणी बदललं न्हाय ना?"

"नाही. नाव तेच."

"आणि म्हाताऱ्याचं काय झालं?"

"तो शेतावर गेला. द्राक्षं लावली, वाइन केली."

"शहाणा माणूस." रत्नपाल उठला, धोतराला लागलेली धूळ झटकली. "ठरलं तर. शेतकऱ्याचा बैल."

त्या दोन शब्दांत पुढचं सगळं नाटक भरलेलं होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही. मी दुसरा चहा मागवला.

आता पुन्हा तो पहिला प्रवेश, शनिवारची सकाळ. प्रणय भिंतीपुढे उभा.

"काका, या चित्रात बघा. ह्याला वशिंड नाही."

"बघितलं मी. तिकडचा पेंटर विसरला. मी घातलं."

"विसरला नाही हो! त्यांच्या बैलांना वशिंड नसतंच."

रत्नपालनं पहिल्यांदा ब्रश थांबवला. "मग जू कुठं बसतं?"

"जू नसतं. तो लढणारा बैल आहे."

"अहो, बनवणारा कोण? ट्रॅक्टरवाला. नांगराच्या घरचा माणूस. त्याचा बैल जू घेत न्हाय? नाना, तुम्ही सांगा."

मी चहात बघितलं.

"काका, काल तुम्ही वेसण काढली होती."

"पुसली."

"गळ्यात घुंगरं काढली होती."

"पुसली. वेसण गेली, घुंगरं गेली. आता वशिंडबी पुसलं तर राहिलं काय? म्हैस!"

प्रणय वाईट माणूस नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे तेरा गाड्या होत्या, आणि त्यातून उतरणारी, खूण ओळखणारी, हसणारी माणसं होती. ओटीवर एक लांब गुंडाळी भिंतीला टेकून उभी होती. विंगेत तोंडाला रंग लावून तयार असलेल्या बदली नटासारखी. तो फ्लेक्स होता. बिनवशिंडाचा, अगदी मोबाइलमधल्यासारखा. प्रणयनं आधीच छापून ठेवला होता.

"उद्या दहापर्यंत वशिंड गेलं पाहिजे," तो म्हणाला, "नाहीतर मी त्याच्यावर फ्लेक्स लावणार. आणि काका, खोल्यांच्या भिंती तुम्हाला देणार होतो, त्याही मग फ्लेक्सच."

दुपारी आम्ही दोघं पोफळीच्या सावलीत बसलो. मी म्हटलं, "रतन, दोन हात काळा रंग मार आणि मोकळा हो. कुणाला काय कळतंय?"

तो म्हणाला, "नाना, माझा बाप बाळाराम. तुम्ही बघितला असेल. जन्मभर दुसऱ्याच्या बैलामागं नांगर धरून चालला. बैल पारखण्यात एक नंबर. लोक त्याला घेऊन बाजारात जायचे. बा म्हणायचा, वशिंडावर हात ठेव, बैल खरा का खोटा कळतो. लोकांच्या दावणीला त्यानं पन्नास बैल बांधून दिले. आमच्या दारात एक न्हाय. म्हणून मी काढत गेलो. शाळेच्या भिंतीवर, ट्रकच्या मागं. बा यायचा, भिंतीला हात लावायचा, वशिंडावर. म्हणायचा, खरा हाय."

मग तो हसला. "आता तो न्हाय तपासायला. पण म्हणून खोटा काढू?"

त्यानंतर काळ्या रंगाचं नाव मी काढलं नाही.

रविवार उजाडला. दहा वाजले. वशिंड जागेवर. सोनेरी, गोल, उन्हात चमकणारं. प्रणय ओटीवरून गुंडाळी घेऊन आला. मी मध्ये गेलो, "अरे, दहा मिनिटं थांब," आणि रत्नपालकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. मी तेव्हा अभिनय करत नव्हतो. त्यानं ते वाचलं.

"तुमचा शब्द जायला नको, नाना," तो म्हणाला. काळ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि परांचीवर चढला. हात वर केला.

तेवढ्यात, सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी, बाहेर रस्त्यावर गर्जना झाली. मग ती एकदम थांबली. मग एकामागून एक तेरा हॉर्न.

आम्ही फाटकाकडे धावलो. फाटकाबाहेर रस्त्यावर एक गतिरोधक आहे. तो सरकारी नाही, कृष्णाबाईंचा आहे. पाहुण्यांच्या गाडीखाली त्यांची एक कोंबडी गेली, त्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावून उभ्या उभ्या तो घालून घेतला आणि गवंडी "आई, बास" म्हणेपर्यंत सिमेंट ओतायला लावलं. ट्रेलर त्यावरून झोका खात जातो. पण ह्या गाड्या जमिनीपासून चार बोटं. पहिली पिवळी गाडी त्या उंचवट्याला नाक लावून उभी राहिली, वासरू कुंपणाला लावतं तशी. पुढे येईना, मागे बारा असल्यानं मागेही जाईना.

रत्नपाल ब्रश हातात तसाच धरून माझ्यामागे आला होता. त्यानं गतिरोधकाकडे बघितलं, मग प्रणयकडे.

"शेठ, रस्त्याला वशिंड चालतं, बैलाला चालत न्हाय?"

"काका, मस्करी नको! काहीतरी करा. फळ्या! तुमच्या परांचीच्या फळ्या!"

परांची सुटली. चार फळ्या आल्या. दोन गतिरोधकाच्या अलीकडे, दोन पलीकडे, असा उतार बांधला. त्या फळ्या जवळून बघितल्यावर मी ओळखल्या. त्या आमच्या होत्या. मंडळाच्या रंगमंचाच्या. मंडळ मोडलं तेव्हा सगळं सामान गेलं, ह्या चार रत्नपालनं मागून घेतल्या होत्या. ह्यांच्यावर मी शेकडो वेळा मेलो आहे. आता त्यांच्यावरून इटलीचं भाग्य बोटभर अंतरानं सरकत होतं, आणि एकेका गाडीमागे रत्नपाल ओरडत होता, "सावकाश! डावं चाक! फळीला माझ्या खिळा हाय, जपून!"

तेरा गाड्यांना पाऊण तास लागला. तोवर वशिंडाला हात लावायला परांचीच नव्हती. पण प्रणयही कच्चा नाही. त्यानं दोन गडी मागच्या बाजूनं भिंतीवर चढवले, फ्लेक्सची गुंडाळी वर दिली. गडी बैलाच्या डोक्यावर बसले, गुंडाळीची दोरी सोडायला लागले.

आणि तेव्हा घरातून कृष्णाबाई बाहेर आल्या. हातात तबक. पाहुण्यांना ओवाळायचं असं अमिषानं ठरवलं होतं. हळद-कुंकू, निरांजन, सगळी तयारी. त्यांनी तीन दिवस भिंतीकडे ढुंकून बघितलं नव्हतं, कारण "पोराची थेरं." आता परांची गेल्यामुळे सबंध बैल पहिल्यांदाच समोर आला. मान खाली घातलेला, पुढचा पाय उचललेला, पाठीवर ते वशिंड.

कृष्णाबाई थांबल्या.

"प्रनय, यो आपला ढवल्या हाय रं."

"आई, तो लँबोर्गिनी आहे."

"गप. मना शिकवतो. तुज्या बापाचा ढवल्या. ह्योच खांदा." त्या भिंतीजवळ गेल्या. आता, तो बैल मुळात चिडलेला आहे. समोरच्याला उचलून फेकायला त्यानं डोकं खाली घातलं आहे, अख्ख्या जगाला हे माहीत आहे. कृष्णाबाईंना वेगळंच दिसलं. "बग, कसा डोकं खाली करून उभा हाय. कुंकू लावून घ्यायला."

आणि त्यांनी हळदीचं बोट, कुंकवाचं बोट त्याच्या बरोबर कपाळावर टेकवलं. कपाळ त्यांच्या हाताच्या उंचीवरच होतं. मग मागे वळून रत्नपालला म्हणाल्या, "पेंटर, तू पन लाव."

रत्नपालनं हात जोडले. "आई, आम्ही बौद्ध. मी कुनाला कुंकू लावत न्हाय. पन तुम्ही लावा बिनघोर. ऑइलपेंट हाय, भिजला तरी काय होत न्हाय."

भिंतीवरच्या गड्यांनी दोरी सोडायची थांबवली. "शेठ, सोडू का?" एकानं विचारलं. प्रणयनं आईकडे बघितलं. आई ओवाळत होती. ज्या कपाळाला आईनं कुंकू लावलं, त्याच्यावर खिळा ठोकणारा माणूस उरणात जन्मला नाही.

"गुंडाळा," प्रणय म्हणाला. "परत गुंडाळा."

अमिषानं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. नाटकमंडळीत सुद्धा एवढ्या वेळेवर तबक घेऊन येणारी नटी मी पाहिली नाही, आणि तबक नेमकं त्या वेळेला सासूबाईंच्या हातात कुणी दिलं, हे मी तिला विचारलं नाही.

पाहुणे भिंतीपुढे जमले. एक बाई गॉगल वर करून म्हणाल्या, "ऊपर ये क्या है? कंपनी के बैल को तो नहीं होता." प्रणय, जो तासाभरापूर्वी ह्याच प्रश्नाला घाबरत होता, छाती काढून म्हणाला, "मॅडम, ट्रॅक्टर से शुरू हुई ना कंपनी? तो जू कहाँ बैठेगा?" मी रत्नपालकडे बघितलं. तो काळ्या रंगाच्या डब्याचं झाकण हातोडीनं ठोकून बसवत होता. घट्ट.

जेवणं झाली. पाहुण्या गाडीचे मालक, एक लठ्ठ हसरे गृहस्थ, सोलकढीचा तिसरा पेला हातात घेऊन भिंतीपाशी आले. त्यांची गाडी लाल, घोडा छाप. ते म्हणाले, "अंकल, ये अच्छा नहीं. बारा बैल, उन का फोटो. मेरा घोडा अकेला. इस के सामने की दीवार पे घोडा बना दो ना."

प्रणयनं समोरच्या भिंतीकडे बघितलं. ती रिकामी होती. खोल्यांच्या भिंतीही रिकाम्या होत्या. त्यानं ओटीवरच्या फ्लेक्सकडे बघितलं, आणि मग, जरा नरम आवाजात, "काका, काढाल का? घोडा?"

रत्नपाल उठला. समोरच्या भिंतीपाशी गेला, तिच्यावरून तळहात फिरवला, कानावरचा ब्रश हातात घेतला.

"काढतो की," तो म्हणाला. "पन शेठ, आधी एक सांगा. घोडा टांग्याचा, का वरातीचा?"